गोदावरीचे वाटेकरी

२६ ऑक्टोबर २०२३ रोजी अकोले तालुक्यातल्या निळवंडे धरणाचे जलपूजन झाले आणि डाव्या कालव्याचे लोकार्पण झाले. १९७० साली आखलेल्या या प्रकल्पाचे पाणी संगमनेर, राहाता, कोपरगावकडच्या जिरायती गावांच्या दिशेने निघायला अर्धे शतक लागले. त्यानंतर चारच दिवसांनी, ३० ऑक्टोबरला, गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळाचा आदेश निघाला: गोदावरीवरच्या जायकवाडी धरणासाठी वरच्या धरणांतून ८.६०३ टीएमसी पाणी सोडावे. त्यातला सर्वांत मोठा वाटा, ३.३६ टीएमसी, प्रवरा समूहाचा, म्हणजे भंडारदरा आणि निळवंडेचा होता.

दोन्ही निर्णय कायद्याला धरून होते आणि दोन्हींमागे खरी गरज होती. निळवंडेच्या लाभक्षेत्रातली गावे दोन पिढ्या टँकरवर काढून थकली होती, आणि जायकवाडीत त्या वर्षी उपयुक्त साठा निम्म्याच्याही आत होता. तरी पुढचा महिना कोर्टकचेरी आणि रास्ता रोको यांतच गेला. पाणी प्रत्यक्ष निघाले ते नोव्हेंबरच्या अखेरीस. पाऊस कमी पडला की २०१२पासून हे असेच चालत आले आहे. महाराष्ट्राकडे पाणीवाटपाचा कायदा आहे, सूत्र आहे, जलआराखडाही आहे. वरचा आणि खालचा पाणी वापरणारा एका टेबलाशी बसेल अशी कायमची जागा मात्र नाही, आणि ती नाही म्हणून बाकीचे सगळे दर दुष्काळात कोर्टाच्या पायरीवर जाऊन उभे राहते.

आधी खोऱ्याची रचना पाहू. त्र्यंबकेश्वर-इगतपुरीच्या घाटमाथ्यावर पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात पडतो. तिथून पूर्वेला काही कोसांवर सिन्नर, येवला, कोपरगाव येतात आणि पाऊस पाचशे-सहाशेवर घसरतो. पुढे मराठवाडा. म्हणजे नदीत येणारे बहुतेक पाणी पश्चिमेच्या अरुंद पट्ट्यात जन्मते आणि तहान सगळी पूर्वेला असते. इंग्रजांच्या काळातच हे पाणी अडवायला सुरुवात झाली. नांदूर मधमेश्वरचा बंधारा १९०७चा, दारणा १९१६चे, भंडारदरा १९२६चे. त्यांच्या कालव्यांवर नगर जिल्ह्यात ऊस उभा राहिला, उसावर सहकारी साखर कारखानदारी उभी राहिली, आणि ब्लॉक पद्धतीने, म्हणजे ठरावीक क्षेत्राला अनेक वर्षांसाठी मंजूर होऊन, मिळणाऱ्या पाण्यावरचा हक्क वडिलोपार्जित जमिनीइतकाच पक्का मानला जाऊ लागला. स्वातंत्र्यानंतर गंगापूर, मुळा, पालखेड, करंजवण, वाघाड, मुकणे, भावली अशी एकामागून एक धरणे झाली.

पैठणच्या जायकवाडीची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते १९६५ साली झाली आणि लोकार्पण इंदिरा गांधींच्या हस्ते १९७६ साली. एकूण क्षमता २९०९ दशलक्ष घनमीटर, त्यातला उपयुक्त साठा २१७१ दशलक्ष घनमीटर, म्हणजे सुमारे ७६.६५ टीएमसी. डावा कालवा २०८ किलोमीटरचा, पार परभणीकडे जाणारा. हा प्रकल्प आखताना पैठणपर्यंत गोदावरीत सुमारे १९६ टीएमसी पाणी मिळेल असे धरले होते. नंतरच्या फेरअभ्यासांत हा आकडा बराच खाली आला. पुढे १९८०च्या गोदावरी लवादाने पैठणपर्यंतचे सर्व पाणी वापरण्याची मोकळीक महाराष्ट्राला दिली. हे पाणी आता घरातले झाले होते, वाटणी घरातच करायची होती. पण खाली एवढे मोठे भांडे बांधल्यावरही वर धरणे होतच राहिली. प्रत्येक धरण आपापल्या तालुक्याची खरी गरज दाखवून मंजूर झाले. सगळ्यांची बेरीज नदीच्या पाण्याशी ताडून पाहण्याची जबाबदारी कुणा एकाची नव्हती. माझ्या मते गोदावरीच्या वादाचे मूळ इथे आहे. वरचा स्वार्थी आणि खालचा बिचारा, किंवा खालचा आळशी आणि वरचा कष्टाळू, या मांडणीने त्यातले काहीच उलगडत नाही.

हे कुणाच्या ध्यानात आले नव्हते असे म्हणता येणार नाही. १९६२चा बर्वे आयोग, प्रादेशिक अनुशेषावरची दांडेकर समिती, आणि डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालचा महाराष्ट्र जल व सिंचन आयोग, ज्याचा अहवाल १९९९ साली आला, या सगळ्यांनी पाण्याचा विचार व्यापक पायावर केला. चितळे आयोगाने राज्याची पाच खोरी आणि पंचवीस उपखोरी धरून हिशेब मांडला. जिल्ह्याची किंवा महसुली विभागाची हद्द पाण्याला लावू नका, हा त्याचा आग्रह होता. त्यातूनच पुढे २००३ची राज्य जलनीती आणि २००५चा महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायदा आला.

हा कायदा चांगला आहे, हे आधी सांगायला हवे. त्याच्या कलम १२(६)(ग)चा आशय असा की टंचाईची झळ खोऱ्यातल्या सर्वांनी समन्यायाने सोसावी. त्यासाठी ऑक्टोबरअखेर धरणांतले साठे असे राखायचे की खरिपाचा वापर धरून सर्व जलाशयांत वापरण्याजोग्या पाण्याची टक्केवारी साधारण सारखी राहील. एवढे स्पष्ट तत्त्व देशातल्या फार थोड्या कायद्यांत सापडेल. कायद्याने मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली राज्य जलमंडळ आणि मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली राज्य जलपरिषदही नेमून दिली. मंडळाने एकात्मिक राज्य जलआराखडा करायचा, परिषदेने तो मंजूर करायचा, आणि नवे प्रकल्प त्या आराखड्यात बसले तरच प्राधिकरणाने त्यांना हिरवा कंदील दाखवायचा. आराखड्यासाठी सहा महिन्यांची मुदत होती.

मंडळाची पहिली बैठक २०१३ साली झाली आणि परिषदेची २०१५ साली. तीही जलतज्ज्ञ प्रदीप पुरंदरे यांनी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जनहित याचिका दाखल केल्यानंतर. तोपर्यंत आराखडा नसतानाच १८९ प्रकल्पांना मान्यता देऊन झाली होती. न्यायालयाने आराखड्याशिवाय नवी मान्यता देण्यास मनाई केली, तेव्हा कुठे कामाने वेग घेतला. गोदावरी खोऱ्याचा आराखडा २०१७ साली आणि राज्याचा त्यानंतर २०१८ साली मंजूर झाला. नियोजन आधी आणि बांधकाम नंतर हा क्रम आपण दहा वर्षे उलटा चालवला, आणि त्या वर्षांत जे बांधले ते आता पाडता येत नाही.

वाटपाच्या सूत्राचेही तसेच झाले. ते ठरवण्यासाठी नेमलेल्या मेंढेगिरी समितीचा अहवाल २०१३ साली आला. समितीने वरच्या धरणांचे मुळा, प्रवरा, गंगापूर, गोदावरी-दारणा आणि पालखेड असे पाच समूह केले. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत खरिपाच्या वापरासह उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल, तर वरच्या समूहांनी आपापल्या साठ्याच्या प्रमाणात पाणी सोडायचे. प्राधिकरणाने २०१४च्या आदेशाने हे सूत्र लागू केले आणि सप्टेंबर २०१६मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाच्या तरतुदीवर शिक्कामोर्तब केले. सूत्र काटेकोर चालते. २०२३मध्ये मुळा २.१०, प्रवरा ३.३६, गंगापूर ०.५, गोदावरी-दारणा २.६४३ अशी बेरीज झाली आणि पालखेड समूहाला काहीच सोडावे लागले नाही. मराठवाड्यातल्या अभ्यासकांचा आक्षेप असा की कायदा समान टक्केवारी सांगतो आणि सूत्र त्याहून कमी देते. नाशिक-नगरचे म्हणणे असे की सूत्राचा पाया जुन्या पीकपद्धतीवर आणि जुन्या बिगरसिंचन मागणीवर आहे. २०२३ साली नेमलेल्या मांदाडे अभ्यासगटाने ६५ ऐवजी ५८ टक्क्यांची शिफारस केली आणि त्यावर हरकती मागवल्या गेल्या. सात टक्के वाचायला किरकोळ वाटतात, पण जायकवाडीच्या उपयुक्त साठ्याचे सात टक्के म्हणजे पाच टीएमसीहून जास्त पाणी होते.

एवढे पाणी नदीतून खाली नेणे ही काय गोष्ट असते, ते जवळून पाहायला हवे. धरणाचा विमोचक उघडण्याआधी नदीवरच्या कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या फळ्या काढाव्या लागतात, नाहीतर पाणी तिथेच अडते. काठावरच्या कृषिपंपांची वीज तोडली जाते, कारण दोन्ही काठांना शेकडो मोटारी असतात आणि त्या चालू राहिल्या तर पैठणला पोचेल काय, हा प्रश्नच उरतो. बंधाऱ्यांवर पोलीस बसतात. ज्याचा कांदा किंवा गहू नुकताच लागला आहे त्याच्या डोळ्यांदेखत पाणी वाहून जाते आणि त्याची मोटार बंद असते. शिवाय कोरड्या पात्रात पहिले पाणी आधी वाळू पिते. सप्टेंबरमध्ये, पात्र ओले असताना, हेच पाणी सोडले तर वाटेतला तोटा कितीतरी कमी होईल हे खात्यातला प्रत्येक अभियंता जाणतो. पण सप्टेंबरमध्ये परतीच्या पावसाची आशा असते, आणि वरचे धरण रिकामे करण्याची जोखीम एकट्याने घ्यायला कुणी तयार नसतो. ही जोखीम वाटून घेण्याचा करार पावसाआधी व्हायला हवा. ऑक्टोबरच्या साठ्यावर तो कधीच होत नाही, कारण तेव्हा कोण देणार आणि कोण घेणार हे सगळ्यांना ठाऊक झालेले असते.

आज एकत्र बसण्याची जी काही सोय आहे ती कालवा सल्लागार समित्यांची. दरवर्षी पावसाळा संपला की मंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली त्यांच्या बैठका होतात आणि रब्बीची-उन्हाळ्याची आवर्तने ठरतात. त्याच सुमाराला जिल्हा पातळीवर पिण्याच्या पाण्याचे आरक्षण ठरते. पण गंगापूरची समिती गंगापूरचे पाहते आणि जायकवाडीची समिती जायकवाडीचे. विशेष म्हणजे नाशिक-नगरची गोदावरी खोऱ्यातली धरणे आणि जायकवाडी एकाच महामंडळाच्या अखत्यारीत आहेत. कागदावर खोऱ्याची संस्था हजर आहे. पण ती स्थापन झाली कर्जरोखे उभारून प्रकल्प पुरे करण्यासाठी. तिच्या रचनेत पाणीवापर संस्था, महापालिका, ग्रामपंचायती, साखर कारखाने यांना ठरावीक जागा नाही. १९५६च्या केंद्रीय नदीमंडळ कायद्याखाली तर देशात आजवर एकही मंडळ उभे राहिलेले नाही.

विश्वासाचा दुसरा अडसर मोजमापाचा आहे. धरणातला साठा रोज जाहीर होतो, पण कालव्यावर कोणत्या चारीला किती पाणी गेले, बॅकवॉटरमधून किती उपसा झाला, काठच्या विहिरींनी किती ओढले, याचे सर्वांना पटणारे आकडे नाहीत. जायकवाडीच्या फुगवट्यावर शेवगाव, नेवासा, पैठण, गंगापूर तालुक्यांतल्या उपसा योजना आहेत. त्यांवर पाणी घेणाऱ्या अनेकांचे पूर्वज त्याच धरणाखाली जमिनी गेलेले धरणग्रस्त आहेत, त्यांना चोर म्हणून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. त्यांचा वापर मोजून मान्य करणे हाच मार्ग आहे. आणि भूजल तर या सगळ्या हिशेबाच्या बाहेरच राहिले. नाशिक आणि नगरमध्ये द्राक्ष-डाळिंबासाठी, जालना-संभाजीनगरकडे मोसंबीसाठी प्लास्टिक अंथरलेली शेततळी विहिरी उपसून भरली जातात. कालव्याखाली झिरपलेले पाणी विहिरीतून वर येते, तरी कालव्याचे पाणी एका खात्याचे आणि विहिरीचे दुसऱ्या खात्याचे.

पिण्याच्या पाण्याचा प्रश्न या वादात नेहमी पुढे केला जातो, म्हणून त्याचे प्रमाण पाहावे. जायकवाडी पूर्ण भरले की पाण्याचा पसारा सुमारे ३५० चौरस किलोमीटर होतो. धरण उथळ आहे. उन्हाळ्यात निम्मा पसारा उरला आणि दिवसाला सहा मिलिमीटर पाणी उडाले, तर रोज शंभर कोटी लिटर हवेत जाते. छत्रपती संभाजीनगर त्याच धरणातून दिवसाला उपसते ते पंधरा कोटी लिटरच्या आसपास, आणि तरीही शहराला वर्षानुवर्षे कित्येक दिवसांआड पाणी मिळत आले. धरण भरलेले असतानाही. तिथे अडचण होती जुन्या जलवाहिनीची, गळतीची आणि रखडलेल्या योजनेची. म्हणून वरून सोडलेल्या प्रत्येक टीएमसीला ‘पिण्यासाठी’ म्हणणे आणि शहराचे नळ कोरडे राहणे, या दोन गोष्टींची सांगड शहराच्या कारभाराने घालून दाखवली पाहिजे. नाशिकनेही आपले सांडपाणी कोणत्या अवस्थेत नदीला परत दिले याचा हिशेब खालच्या गावांना द्यायला हवा, कारण खालच्यांच्या वाट्यात तेही पाणी धरलेले असते.

अनेक गावांनी मिळून पाणी वापरण्याचा आपला अनुभव प्रादेशिक पाणीपुरवठा योजनांमधूनही दिसतो. विदर्भातल्या अकोल्याच्या खारपाणपट्ट्यात, जिथे विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही, तिथे ८४ खेडी योजनेसारख्या योजनांना पर्यायच नव्हता. राज्यभरच्या अशा योजना बहुधा एकाच ठिकाणी लंगडतात. वीजबिल थकते, शेवटच्या गावाला पाणी पोचत नाही म्हणून ते पाणीपट्टी भरत नाही, मग बिल आणखी थकते. जिथे गावांची शिखर समिती जागी असते आणि शेवटच्या गावाचा सरपंच तिच्यात बोलू शकतो, तिथे योजना तगते. पाइप सगळीकडे सारखाच असतो.

बाहेरच्या देशांकडे पाहायचे तर फ्रान्सचे उदाहरण जास्त उपयोगाचे आहे. १९६४च्या कायद्याने त्या देशाने सहा खोरी पाडली. प्रत्येक खोऱ्याच्या समितीत स्थानिक लोकप्रतिनिधी, शेतकरी-उद्योग-ग्राहक असे वापरकर्ते आणि शासन बसतात. पाणी उचलणाऱ्यांकडून आणि घाण करणाऱ्यांकडून शुल्क घेऊन ते त्याच खोऱ्यात खर्च होते, म्हणून समितीच्या मताला वजन आहे. ऑस्ट्रेलियाने मरे-डार्लिंग खोऱ्यासाठी २००७ साली कायदा केला आणि वापराला मर्यादा घातली. तिथे मोजमाप आपल्यापेक्षा फार पुढे, तरी २०१०मध्ये आराखड्याची पहिली रूपरेषा आली तेव्हा ग्रिफिथ गावात शेतकऱ्यांनी तिच्या प्रती जाळल्या. आकडे अचूक असूनही ते वरून आले म्हणून लोकांनी ते आपले मानले नाहीत.

पण इतक्या लांब जायची गरज नाही. नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणावर १९९१ साली बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने ओझर परिसरात शेवटच्या टोकाला तीन पाणीवापर संस्था उभ्या केल्या: महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा. टेलला पाणी येतच नव्हते, म्हणून सुरुवातही टेलपासून झाली. पुढे साऱ्या लाभक्षेत्रात संस्था झाल्या, त्यांचा महासंघ झाला आणि धरणाच्या पाण्याचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती आले. पाणी हेक्टरवर न आकारता मोजून, घनमापन पद्धतीने घ्यायचे ठरल्यावर वाचवलेले पाणी संस्थेच्या खात्यावर राहू लागले. विहिरीचे आणि कालव्याचे पाणी लोक एकत्र धरून चालू लागले. हेडचा शेतकरी टेलच्या शेतकऱ्याला ओळखू लागला, आणि पाटकऱ्याच्या मर्जीवर चालणारे आवर्तन तारखेवर आले. २००५च्याच सिंचन व्यवस्थापन कायद्याने अशा संस्थांना प्रकल्प पातळीपर्यंत मान्यता दिली. कायदा तिथेच थांबतो. वाघाडच्या महासंघाने जायकवाडीच्या डाव्या कालव्यावरच्या संस्थेशी बोलायचे तर कोणत्या सभेत बोलायचे, याचे उत्तर त्यात नाही.

आणखी एक उदाहरण त्याच गोदावरीच्या खालच्या अंगाला आहे. नांदेड जिल्ह्यातल्या बाभळी बंधाऱ्यावरून महाराष्ट्र आणि तेव्हाचा आंध्र प्रदेश भांडत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. फेब्रुवारी २०१३च्या निकालाने तारखा घालून दिल्या: १ जुलै ते २८ ऑक्टोबर चौदाही दरवाजे वर राहतील, १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली जाईल, आणि केंद्रीय जल आयोगाच्या प्रतिनिधीसह दोन्ही राज्यांची त्रिसदस्यीय समिती त्यावर देखरेख करील. धर्माबाद परिसरातल्या शेतकऱ्यांच्या या तारखांबद्दल तक्रारी आहेत, आणि त्या योग्यही आहेत, कारण दरवाजे पडायच्या आत पूर निघून जातो. पण त्या तारखेला काय होणार याबद्दल कुणाच्या मनात शंका नसते. दोन राज्यांना जे साधले ते एकाच राज्यातल्या जिल्ह्यांना अवघड वाटू नये.

ऊर्ध्व गोदावरीच्या उपखोऱ्यांसाठी वरच्या-खालच्यांना ठरल्या तारखांना एकत्र बसवणारी अशी परिषद हवी, आणि तिच्या बैठका जूनच्या आरंभी, ऑगस्टअखेर आणि १५ ऑक्टोबरला ठरलेल्या हव्यात. तिच्यात पाचही समूहांच्या आणि जायकवाडीच्या पाणीवापर संस्थांचे निवडून दिलेले प्रतिनिधी, शहरांचे पाणीपुरवठा अधिकारी, उद्योग आणि भूजल यंत्रणा बसाव्यात. ऑगस्टच्या बैठकीत पात्र ओले असतानाच पहिला हप्ता सोडायचा की नाही ते ठरावे. वरच्याने जोखीम घेतली आणि परतीचा पाऊस आला नाही, तर उन्हाळी आवर्तनाच्या नुकसानीची भरपाई त्याला कोण देणार हेही आधी लिहून ठेवावे. भरपाईचा हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्यागाची किंमत ठरलेली नसली की तो पोलीस बंदोबस्तातच करून घ्यावा लागतो.

ही परिषद लवकर हवी, कारण नवे पाणी येऊ घातले आहे. पश्चिमेकडे अरबी समुद्राला जाणारे दमणगंगा-वैतरणेचे पाणी उपसून गोदावरीत आणण्याच्या योजना पुढे सरकत आहेत. मराठवाड्याला ते तुटीचे उत्तर वाटते, नाशिक-नगरला आपली सुटका वाटते. ते पाणी घाट चढून वरच्याच एखाद्या जलाशयात पडणार आहे. त्यातले पैठणसाठी किती, वाटेतल्या सिन्नर-वैजापूरसाठी किती, उपशाच्या विजेचे बिल कोणत्या पिकाने भरायचे आणि ते न भरल्यास पंप कुणाचे आधी बंद करायचे, हे पहिल्या पंपाची निविदा निघण्याआधी लिहून काढावे लागेल.